इंद्राचे घोडे आणि सागाचा मुंडा

भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी बुऱ्हाणपूर सोडते, असीरगडाचा डोंगर मागे टाकते आणि थोड्याच वेळात नेपानगरला येते. या गावाला नाव दिले ते कारखान्याने. 'नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स' या लांबलचक नावातून 'नेपा' निघाले आणि त्याच्याभोवती वसले ते नगर. १९४७ साली खासगी भांडवलावर उभा राहू लागलेला हा उद्योग दोनच वर्षांत मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारकडे आला, १९५५ मध्ये यंत्रांतून कागद निघू लागला आणि एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. वर्तमानपत्राचा कागद करणारा हा देशातला पहिला कारखाना. भोवतालच्या सातपुड्यात सलई आणि बांबू मुबलक होते, त्यांच्या भरवशावर तो इथे आला. सलईचे लाकूड मऊ आणि पांढुरके; इमारतीला कुणी ते हौसेने घेत नाही, पण दळून लगदा करायला उत्तम. देशभरच्या वर्तमानपत्रांनी पुढची कित्येक वर्षे ज्या कागदावर निधनवार्ता छापल्या, त्यातला बराचसा कागद या सलईचा होता. याच जंगलात राहणारे कोरकू लोक आपल्या मेलेल्या माणसांची आठवण लाकडातच ठेवत आले, पण त्यासाठी त्यांनी सलईला कधी हात लावला नाही. त्यांनी साग निवडला. त्या सागावर त्यांनी जे कोरले, ते अरण्यात राहणाऱ्या, कष्ट करून खाणाऱ्या माणसांच्या हातून कोरले जाईल असे सहसा कुणाला वाटणार नाही. वर सूर्य आणि चंद्र, त्यांच्याखाली घोडा आणि घोड्यावर स्वार. थोडक्यात, राजाची चिन्हे.

या खांबाला मुंडा म्हणतात. गावागणिक उच्चार थोडा बदलतो. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा असल्यामुळे खांबाचे नाव आणि भाषाकुळाचे नाव यांचे लगेच लग्न लावून द्यावेसे वाटते, पण ती घाई करू नये. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे नुसती 'माणसे'. ही माणसे आज मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर, खंडवा, बैतूल, नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद), छिंदवाडा या जिल्ह्यांत आणि महाराष्ट्रात मुख्यतः मेळघाटात आहेत. बुऱ्हाणपूर-खंडव्याचा निमाड आणि मेळघाट १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. मग राज्यांची सीमा एकाच जमातीच्या मधून गेली, आणि कोरकूंविषयी मराठीत लिहिणारे बहुतेक जण मेळघाटाशीच थांबतात, ते तेव्हापासूनच असावे. माणूस मेला की कोरकू त्याला पुरतात, पण तेवढ्याने काम संपत नाही. काही काळाने, कधी कैक वर्षांनी, त्याची सिडोली होते. हा दुसरा अंत्यविधी. तो होईपर्यंत मेलेला माणूस ना घरचा ना घाटचा, अधांतरी असतो. सिडोली झाली की तो पितरांच्या पंगतीत बसतो. विधीला खर्च लागतो, बोकड लागतो, भाऊबंदांना जेवण लागते. म्हणून कुटुंबे थांबतात आणि मधल्या काळात गेलेल्या साऱ्यांची सिडोली एकदम उरकतात. त्या वेळी कुळाच्या ठरलेल्या जागी, बहुधा मोठ्या झाडाखाली, नवा मुंडा पुरला जातो. शेजारी आधीचे मुंडे असतात. काही ताठ उभे, काही कललेले, काहींचा नुसता बुंधा उरलेला.

मुंडा जवळून पाहिला की आधी हत्यार दिसते. वाकसाने तासलेल्या सपाटीवर प्रत्येक घावाची उथळ वाटी राहिलेली असते. रंध्याने ती गुळगुळीत करण्याची तसदी कोणी घेतलेली नसते. आकृती उठावात असते, पण उठाव बोटाच्या पेराएवढाही नसतो. आकृतीची कड पटाशीने उभी मारायची आणि तिच्याभोवतीचे लाकूड खाली उतरवायचे, एवढीच रीत. सागाची रेघ उभी जाते, त्यामुळे उभे पाय सहज निघतात. घोड्याची आडवी पाठ मात्र रेघेविरुद्ध काढावी लागते. म्हणून पुष्कळ मुंड्यांवर घोड्याची पाठ एका सरळ पट्टीसारखी दिसते आणि पाय काठ्यांसारखे. घोडा बाजूने दाखवलेला, स्वार मात्र समोर तोंड करून आपल्याकडे पाहणारा. त्याच्या हातात कधी लगाम, कधी तलवार. वर एका अंगाला किरणांचे चक्र आणि दुसऱ्या अंगाला कोर. काही खांबांवर खाली हातात हात घालून नाचणाऱ्या माणसांची ओळ असते, कुठे मोर, कुठे झाड. नाव नसते. अक्षर नसते. हा स्वार कोण, हे कुळातल्या माणसांनाच ठाऊक. ती आठवणारी पिढी गेली की उरतो तो नुसता एक स्वार.

प्रश्न सरळ आहे. ज्यांच्या दाराशी घोडा बांधलेला नव्हता, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी तलवार चालवली नव्हती, ज्यांच्या गावात फार तर एक पटेल आणि देवाचे करणारा एक भुमका होता, त्यांनी मेलेल्या माणसाला राजासारखे का रंगवावे? माझे म्हणणे असे की, हे खांब कोरकूंच्या हरवलेल्या राज्याची आठवण सांगत नाहीत आणि शेजारच्या राजांची नक्कलही करत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याने येणाऱ्या-जाणाऱ्या राजसत्तांनी जमिनीवर हक्क सांगताना जी चिन्हे वापरली, तीच उचलून कोरकूंनी आपल्या मृतांना जमिनीचा हक्क दिला आहे. मुंडा ही राजाची मूर्ती नव्हे. सागावर कोरलेली ती सनद आहे.

लाकूड आणि राजसत्ता यांचा संबंध जगात इतरत्र कसा जुळतो हे डोळ्यांपुढे असले, तर कोरकूंचे वेगळेपण चटकन कळते. आजच्या काँगोच्या आग्नेय भागात लुबांचे मोठे राज्य होते. तिथे राजाचे आसन, त्याची काठी, धनुष्य अडकवायचा खुंट, सारे कोरलेले असे. 'म्बुद्ये' नावाची स्मरण राखणाऱ्यांची मंडळी 'लुकासा' ही मणी आणि शिंपले जडवलेली फळी हातात घेऊन, बोटाने मणी चाचपत राजवंशाचा इतिहास सांगत. त्या वस्तूंवर बहुतेक करून स्त्रीची आकृती दिसते, कारण राजेपणाचे बळ स्त्रीच्या देहात वसते अशी त्यांची धारणा होती. राजा मेला की त्याचा आत्मा एका स्त्रीत येई आणि तिला त्याचा मान मिळे. तिथे चिन्हे मोजक्या हातांत होती. राजा, त्याने मान दिलेले सरदार आणि आठवण राखणारे, यांच्यापलीकडे ती जात नसत, आणि जाऊ नयेत याची काळजीही घेतली जाई. कोरकूंकडे राजचिन्ह कोणाकडूनही मिळवावे लागत नाही. ते मरणाबरोबर येते, आणि ऐपत असो वा नसो, आज ना उद्या प्रत्येक घराला आपल्या माणसांसाठी कोरून घ्यावे लागते. लुबांकडे कोरीव लाकूड माणसामाणसांतली उंची दाखवते. कोरकूंकडे ते सगळ्यांना एका उंचीवर आणून बसवते.

यावर पहिला आक्षेप असा की, कोरकूंमध्ये राजे होतेच. राज-कोरकू म्हणून जमीनदारांची वेगळी शाखा आहे. पचमढीच्या महादेवाचे वंशपरंपरागत राखणदार कोरकू जमीनदारच होते. आपले पूर्वज धारानगरीचे रजपूत, एका हरणाच्या मागे ते पचमढीच्या डोंगरात आले, हरण गुहेत शिरले आणि आतून साधू बाहेर आला, त्याने दिलेला मूठभर तांदूळ साऱ्यांना पोटभर पुरला, आणि तो साधू म्हणजेच महादेव, अशी कथा ते सांगत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ च्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात ती नोंदवली आहे. मानववंशशास्त्रज्ञ सुरजित सिन्हा यांनी १९६२ मध्ये मध्य भारतातल्या आदिवासी राज्यांची घडण आणि रजपूत कथा यांचा संबंध उलगडला, तोही याच दिशेने जातो: जमातीतले एखादे घराणे वर आले की त्याला रजपूत पूर्वज लागतो, भाट लागतो, घोडा लागतो. मग मुंड्यावरचा स्वार म्हणजे त्या घराण्यांचा थाट, जो झिरपत खालच्यांपर्यंत आला, असे का मानू नये? मानता आले असते, जर चिन्हे वरून खाली येताना पातळ झाली असती. श्रीमंताचा घोडा मोठा आणि सजवलेला, गरिबाचा नुसता सूर्यचंद्र, अशी पायरी मुंड्यांत दिसली असती. ती दिसत नाही. स्वार हा सगळ्या खांबांचा गाभा आहे. आणखी एक गोष्ट. रजपूतपणाचा दावा करणारी घराणी जसजशी वर जातात तसतशी पुरण्याऐवजी दहनाकडे, बोकडाऐवजी पिंडाकडे वळतात. सिडोली आणि मुंडा हे जमातीचे, म्हणजे त्या नजरेने 'खालचे' आचार. वर चढणाऱ्यांनी ज्या गोष्टी सोडायच्या, त्यांच्यावरच रजपुताचे चित्र येऊन बसावे, हे नकलेच्या हिशेबात बसत नाही.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात आधीच आलेला असेल: ही तर वीरगळ. महाराष्ट्रभर गावाबाहेर, देवळामागे उभ्या असलेल्या वीरगळींच्या माथ्यावर चंद्रसूर्य असतातच, घोडेस्वारही असतात. झाबुआ-अलिराजपूरकडच्या भिलांच्या दगडी स्मारकांवरही हाच संच. मग कोरकूंनी दगडाऐवजी लाकूड वापरले, एवढाच काय तो फरक? फरक लाकडाचा नाही, मरणाचा आहे. वीरगळ खालून वर वाचायची असते. सर्वांत खाली लढाई किंवा गुरे सोडवताना पडलेला वीर, त्याच्यावरच्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि टोकाला कलश व चंद्रसूर्य. म्हणजे ती गोष्ट आहे. तिला सुरुवात आणि शेवट आहे, आणि स्वर्ग हे मरणाच्या रीतीचे मोल आहे. मुंड्यात लढाईची चौकट नाही. पडलेला देह नाही, अप्सरा नाहीत, देवपूजा नाही. तापाने गेलेला, म्हातारपणाने गेलेला, बाळंतपणात गेलेली, साऱ्यांना सिडोली सारखीच लागू. वीरगळीची मांडणी कोरकूंनी पाहिली असणार, यात मला शंका वाटत नाही. नरनाळा, गाविलगड, असीरगड यांच्या सावलीत राहणाऱ्यांना ती न दिसणेच अवघड. पण पाहून त्यांनी कथा गाळली आणि चिन्हे तेवढी ठेवली. नक्कल करणारा सहसा उलटे करतो: त्याला कथा हवी असते, चिन्हे तो चुकवतो.

आता घोड्याकडे येऊ, कारण इथेच कोरकूंची स्वतःची साक्ष मिळते. रसेल-हिरालाल यांनी दिलेली त्यांची उत्पत्तिकथा अशी. लंकेच्या रावणाने पाहिले की विंध्य आणि सातपुडा ओसाड पडले आहेत. त्याने महादेवाला विनवले की इथे माणसे वसव. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधायला धाडले. ते बैतूलकडे सापडले. महादेवाने त्या मातीच्या दोन बाहुल्या केल्या, एक पुरुष आणि एक बाई. तोच इंद्राने पाठवलेले दोन आगीसारखे घोडे जमिनीतून वर आले आणि बाहुल्या तुडवून त्यांची माती केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी महादेवाने आधी एक कुत्रा घडवला, त्यात प्राण फुंकला; कुत्र्याने घोड्यांना रोखून धरले, आणि मग मुला आणि मुलाई ही पहिली कोरकू जोडी उभी राहिली. ही कथा कुत्र्याच्या इमानासाठी सांगितली जाते, पण तिच्यातला घोडा पाहण्याजोगा आहे. तो देवांच्या राजाचा घोडा आहे, आणि त्याचे काम एकच, कोरकूला जमिनीवर उभे न राहू देणे. माणूस मातीचा आहे तोवर राजाचे घोडे त्याला तुडवू शकतात. या जमातीच्या स्मृतीत घोडा वैभव म्हणून येत नाही, संकट म्हणून येतो. आणि तोच प्राणी जन्माच्या कथेतून मरणाच्या खांबावर येतो तेव्हा कोरकू त्याच्या टापांखाली नसतो, पाठीवर असतो. दोन्ही टोके एकमेकांशी बांधलेली आहेत असे कोणा कोरकूने लिहून ठेवलेले नाही, हे खरे. पण ज्या समाजाच्या पहिल्या गोष्टीत घोडा माणसाला मातीत मिळवतो, तो समाज शेवटच्या खांबावर माणसाला घोड्यावर बसवतो, तेव्हा तिथे नुसती शोभा आहे असे म्हणणाऱ्यालाच अधिक पुरावा द्यावा लागेल.

हे घोडे आकाशातून पडलेले नव्हते. बुऱ्हाणपूर-असीरगडची खिंड ही उत्तरेतून दख्खनेत उतरण्याची वाट. ज्याच्या हाती असीरगड त्याच्या हाती दार. फारुकी सुलतानांनी ते दोन शतके सांभाळले, १६०१ मध्ये अकबराने घेतले, पुढे बुऱ्हाणपूर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे झाले, मग १७६० च्या सुमारास मराठ्यांकडे आले आणि शिंद्यांचे झाले. १८०३ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, परत दिला आणि १८१९ मध्ये कायमचा घेतला. त्या शेवटच्या वेढ्यामागे नागपूरकर भोसल्यांची शोकांतिका आहे. आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि १८१८ च्या पावसाळ्यात महादेवाच्या डोंगरात गोंड-कोरकू जमीनदारांच्या आसऱ्याला राहिले. तिथून फेब्रुवारी १८१९ मध्ये ते असीरगडाला पोचले. म्हणजे नागपूरच्या गादीवरचा माणूस काही महिने या डोंगराळ माणसांच्या भाकरीवर होता. त्याच सुमारास पेंढाऱ्यांचा सरदार चितू जंगलात वाघाच्या तोंडी गेला. आधी सापडला तो खोगीर चढवलेला त्याचा घोडा, धनी नंतर. राजे, सरदार आणि लुटारू यांच्यात डोंगरावरून पाहणाऱ्याला फारसा फरक दिसत नसेल. तिघेही घोड्यावर असत आणि तिघेही खालची जमीन आपली असल्यासारखे वागत.

जमीन हाच माझ्या म्हणण्याचा कणा आहे. कोरकूंच्या अंत्यविधीतली एक बारीकशी गोष्ट रसेलच्या पानांत दडून आहे: प्रेत ठेवण्याआधी खड्ड्यात दोन पैसे टाकतात, ती जागा विकत घेण्यासाठी. नाणे परलोकातल्या नावाड्यासाठी नाही, देवाला दक्षिणा नाही. खरेदीचा व्यवहार आहे. मेलेला माणूस आधी जागा विकत घेतो, आणि काही वर्षांनी त्याच्या नावाने मुंडा उभा राहतो. मग या मुंड्याच्या माथ्यावर चंद्रसूर्य काय करतात? दख्खनेत ही जोडी जमिनीची भाषा बोलते. शिलाहार-यादवांच्या काळातल्या गद्धेगळींवर, दान दिलेली जमीन हिरावणाऱ्याला शिव्या घालणाऱ्या त्या शिळांवर, माथ्याला चंद्रसूर्य आहेत. दानपत्रांतून आणि वतनाच्या कागदांतून चंद्रसूर्य असेतोवर हक्क चालेल असे बजावून सांगितले जाई. दोन पैसे, नेमकी जागा, चंद्रसूर्य, आणि ज्याची जमीन असते तो बसतो तसा घोडा: ही सगळी मिळून एक सनद होते. अक्षर न जाणणाऱ्यांनी लिहिलेली, म्हणून तिच्यात मजकूर नाही, फक्त शिक्के आहेत. कुळाचे मुंडे एकाच जागी का पुरतात याचेही उत्तर इथे सापडते. ते कुळाचे वतन आहे. जित्या माणसाला शेत बदलावे लागते, गाव सोडावे लागते, कोणी हाकलते. मेलेले मात्र तिथेच घोड्यावर बसून असतात.

इथे एक चांगला आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. सूर्य आणि चंद्र हे कोरकूंचे स्वतःचे देव आहेत. सूर्याला ते गोमेज म्हणतात, आणि देवाला शब्दही तोच. त्यासाठी शिलाहारांच्या दारात जायची गरज काय? आणि घोडा म्हणाल तर साऱ्या सातपुड्यात देवाला मातीचे घोडे वाहतात. आत्म्याला प्रवासाला वाहन हवे, म्हणून घोडा. हे दोन्ही बरोबर आहे, आणि तरी पुरेसे नाही. एखादे चिन्ह दोन घरांतून आले असेल तर ते दोन्हीकडे नांदते; गोमेज कोरकूंचा आहे म्हणूनच सनदेवरचा सूर्य त्यांना परका वाटला नसेल. वाहनाचा मुद्दा मात्र सिडोलीलाच पटत नाही. हा विधी मृताला दूर धाडण्यासाठी नाही, आपल्या कुळाच्या जागेत आणून बसवण्यासाठी आहे. जो घरी आला त्याला वाहन कशाला? आणि मुंड्यावरचा घोडा बहुधा चालत नाही. तो चारही पाय टेकून उभा असतो, आणि स्वाराचे तोंड वाटेकडे नसून समोरच्या माणसाकडे असते. पाकिस्तानातल्या चित्रळमधल्या कलाश लोकांकडेही लाकडी घोडेस्वार आहेत, पण तिथे तो मान मोठ्या मेजवान्या देणाऱ्या पुरुषाला मिळतो. घोड्यावर बसायला आधी गाव जेवू घालावे लागते. कोरकूंना तो हिशेब ठाऊक नाही असे नाही, सिडोलीचे जेवण त्यांनाही जड जातेच. पण त्यांच्याकडे जेवण घोड्याची किंमत नव्हे. माणसाला आपल्या जागी बसवले याचे ते गावजेवण.

खुद्द साग हेही एक राजचिन्हच होते, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. सागाला वाळवी लवकर लागत नाही म्हणून तो निवडला, हे खरेच. पण साग सत्तेच्या डोळ्यांत भरलेले झाड आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी लिहिताना साग-शिसवाची तोड हुजूरच्या परवानगीने व्हावी असे सांगितले. इंग्रजांनी तोच विचार कायद्यात बसवला. १८६५ मध्ये पहिला जंगल कायदा आला, त्याच वर्षी होशंगाबादकडचे बोरीचे जंगल राखीव झाले, आणि १८७८ च्या कायद्याने कुंपण पक्के केले. कोरकू जिथे झाडोरा जाळून राखेत पेरणी करत, तिथे ती शेती गुन्हा ठरली आणि साग सरकारचे झाड झाले. त्यानंतर सिडोलीसाठी साग तोडणे म्हणजे नुसता विधी राहिला नसणार. सरकारच्या झाडावर, सरकारने नाकारलेला हक्क कोरून तो कुळाच्या जागी गाडायचा, इतका अर्थ त्यात आला, कोणी ठरवो वा न ठरवो. माझ्या वाचनात मुंड्यावर लिहिणारे बहुतेक जण कलेबद्दल लिहितात, जंगलखात्याबद्दल लिहीत नाहीत. लाकडाची कला म्हटली की लाकूड कुठून आले, कोणी मोजले, कोणी अडवले, हे प्रश्न बाजूला पडतात, जणू खांब कोरीव होऊनच उगवतो.

खांबांचे वय या वादात मदतीला येत नाही. साग टिकाऊ खरा, पण उघड्यावर, पायथा मातीत पुरलेला, सातपुड्याचा पाऊस सोसणारा साग दगडाशी टक्कर देऊ शकत नाही. मुळाशी तो कुजतो, वरचा भाग भेगाळतो, उठाव झिजून घोड्याची नुसती पाठ उरते. म्हणून मुंड्यांची परंपरा अमुक शतकापासून असे सांगणारा खांब जमिनीवर उभा सापडत नाही, आणि माझा तर्क तारखेवर उभा नाही. तो चिन्हांच्या जुळणीवर उभा आहे. त्याला एक बळकटी फादर स्टीफन फुक्स यांच्या कामातून मिळते. निमाडात बलाही समाजावर आणि पुढे कोरकूंवर (तो ग्रंथ १९८८ चा) लिहिणाऱ्या या ऑस्ट्रियन पाद्र्याने कुळ, त्याची जागा आणि मृताचे कुळात परतणे यांचे धागे बारकाईने नोंदवले. कुळाबाहेर मुंड्याला अर्थ नाही, हे त्या नोंदींतून स्पष्ट होते. राजाच्या पुतळ्याला असे बंधन नसते. तो चौकात उभा असो वा संग्रहालयात, राजाच राहतो. सनद मात्र ज्या जमिनीची, त्या जमिनीबाहेर नेली की जुना कागद होते.

नेमके हेच झाले आहे. भोपाळच्या भारत भवनाने १९८२ पासून आदिवासी शिल्प हे 'कला' म्हणून मांडले, आणि त्याबद्दल चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांचे ऋण मानलेच पाहिजे; त्यांच्याआधी या वस्तूंकडे तसे बघण्याची दृष्टी फार थोड्यांना होती. भोपाळच्या मानव संग्रहालयात आणि २०१३ मध्ये उघडलेल्या जनजातीय संग्रहालयात कोरकू परंपरेला जागा मिळाली. देशाबाहेरच्या लिलावांतही मुंडे दिसतात: सागवानी, घोडेस्वार, विसावे शतक, उंची अमुक. वाळवीचे औषध लावलेला, मागून प्रकाश सोडलेला तो खांब सुंदर दिसतो, यात वाद नाही. पण चिठ्ठीवर कुळाचे नाव नसते, गावाचे नसते, कोणत्या झाडाखालून काढला हे नसते. दरम्यान कुळांच्या जागी लाकडाऐवजी दगडाचे मुंडे उभे राहू लागले आहेत. साग महाग, मिळायला कठीण, आणि कोरणारे हात कमी. दगडावर सूर्य, चंद्र, घोडा असतातच. दगडावर नावही लिहिता येते.

नेपानगरच्या कारखान्यात पुढे सलई मागे पडली आणि रद्दीचा लगदा शिजू लागला. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आत जातात, शाई धुतली जाते आणि कोरा कागद बाहेर येतो. त्या गठ्ठ्यांत कोणकोणाच्या निधनवार्ता होत्या हे कोणी वाचत नाही. पलीकडच्या डोंगरात कुळाच्या झाडाखाली एखादा मुंडा मुळाशी कुजून आडवा झाला, तर तो उचलायचा नसतो. पुढच्या सिडोलीला नवा खांब त्याच्या बाजूला लागतो.